शिवेपलीकडचा वाटेकरी

मावळात शेताच्या बांधावरून तंटा झाला, की जुनी माणसे पहिला प्रश्न एकच विचारतात, "मोजणीला शेजारी हजर होता का?" शेजारी हजर नसेल, तर मोजणीदाराने काम कितीही काटेकोर केलेले असो, त्या खुणा शेजाऱ्याला पटत नाहीत. सरकारनेही हे शहाणपण आपल्या नियमांत घेतले आहे. जमिनीची मोजणी करावयाची, तर लगतच्या खातेदारांना आधी नोटीस जाते. दोन गुंठ्यांच्या बांधासाठी आपण एवढी काळजी घेतो. मग एका तालुक्याचे पाणी दुसरीकडच्या शहराला नेणारी, शेकडो कोटी रुपयांची योजना आखताना शिवेपलीकडच्या माणसाला आधी का विचारू नये? आणि विचारावयाचे, तर कोणी, केव्हा आणि कोणाच्या पैशाने? आज ह्याच प्रश्नाविषयी चार शब्द तुमच्याशी बोलावयाचे आहेत.

अशा माणसाला सरकारी कागदात 'हितसंबंधित' म्हणतात, कोणी 'भागधारक' म्हणतात. मला आपला 'वाटेकरी' हा शब्द बरा वाटतो. वाटेकरी म्हटला, की त्याचा वाटा आहे, आणि वाटणीच्या वेळी त्याने समोर असले पाहिजे, हे निराळे सांगावे लागत नाही.

लोणावळ्याला घाटमाथ्यावर उभे राहा. आषाढातला पाऊस कोसळत असतो. पूर्वेकडे पडलेले पाणी इंद्रायणीला मिळते, तिथून भीमेला, पुढे कृष्णेला, आणि थेट बंगालच्या उपसागराला. पश्चिमेकडचे पाणी कड्यावरून कोकणात उडी घेते आणि अरबी समुद्राला जाते. ही निसर्गाने आखलेली शीव. ती माणसाने १९१५ साली ओलांडली. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे टाटांनी बांधलेल्या धरणांचे पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरले आणि तेथे वीज होऊ लागली. पाणी पुणे जिल्ह्याचे, वीजघर तेव्हाच्या कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना! एका कामात तीन मुलुख गुंतले. पुढे शेजारच्या मुळशी खोऱ्यात अशाच धरणाचे काम निघाले, तेव्हा १९२१ ते १९२४ ह्या काळात सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण व्हायचे ते झालेच. पण "आमची जमीन घेताना आम्हांला कोणी विचारले?" हा प्रश्न शंभर वर्षे ह्या डोंगरांत घुमतो आहे.

आता पवनेकडे वळू. पवना धरण मावळ तालुक्यात आहे. १९७० च्या सुमारास ते उभे राहिले. धरणाचे पाणी नदीच्या पात्रात सोडायचे, ते वाहत वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत यायचे, आणि तेथून पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने ते उचलायचे, अशी व्यवस्था आहे. वाटेत नदीकाठचे शेतकरी पंप लावून आपापल्या शेतांना पाणी घेतात. शहर मात्र थांबून राहिले नाही. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती १७ लाखांच्या वर गेली, आणि २०१९ च्या नोव्हेंबरपासून तेथे एक दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली. शहराची तहान खरी आहे, हे आधीच सांगून टाकतो. चाळीत आणि वस्तीत हंडा घेऊन नळाची वाट पाहणारी बाईसुद्धा कुठल्या तरी खेड्यातूनच तिथे आलेली असते.

ह्या तहानेवर तोड म्हणून २००८ च्या सुमारास एक योजना पुढे आली. धरणापासून शहरापर्यंत सुमारे ३५ किलोमीटर बंद नळ टाकावयाचा. शहराचे म्हणणे असे, की पात्रातून येताना पाणी वाया जाते, घाण होते, आणि ते उचलायला वीज लागते. बंद नळाने हे सारे वाचेल. नदीकाठचे म्हणणे असे, की सगळे पाणी नळातून गेले तर पात्र कोरडे पडेल, आमचे पंप काय उपसतील? ज्यांच्या जमिनीतून नळ जाणार त्यांची चिंता निराळी. आणि ज्यांची जमीन धरणात गेली, त्यांच्यांतले कित्येकजण म्हणत होते, की आमच्या पुनर्वसनाचा जुना हिशेब अजून मिटला नाही, तोच हा नवा कोठून काढता? पाहा, दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे होते. ते एका फडावर बसून वेळेवर सांगितले गेले असते तर?

योजनेला पैसा केंद्र सरकारच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून यावयाचा होता. हे अभियान २००५ च्या डिसेंबरात सुरू झाले. पिंपरी-चिंचवडएवढ्या शहराच्या कामाला खर्चाचा निम्मा भाग केंद्राने, वीस टक्के राज्याने आणि तीस टक्के पालिकेने द्यावयाचा, असा वाटा ठरलेला होता. ह्या अभियानात लोकांना विचारण्याची अट नव्हती असे समजू नका. शहर विकास आराखडा वाटेकऱ्यांशी विचारविनिमय करूनच तयार करावा, असे त्यात सांगितले होते. नागरिकांच्या सहभागाचा कायदा करण्याची अटही होती. अडचण निराळीच होती. आराखडा शहराचा, म्हणून विचारपूसही शहराची. पाणी यावयाचे मावळातून; पण मावळचा शेतकरी त्या शहराचा नागरिक नव्हता. योजनेच्या नळाने शीव ओलांडली, तिच्या नियमांतली विचारपूस मात्र पालिकेच्या जकातनाक्याशीच थांबली.

पुढचे तुम्हांला ठाऊक आहे. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिनाचा दिवस. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर बऊर गावाजवळ शेतकरी मोठ्या संख्येने जमले. पोलिसांचा गोळीबार झाला आणि तिघेजण प्राणाला मुकले. त्यांत एक स्त्री होती. काम तिथल्या तिथे थांबले. आणलेले नळ पडून राहिले. राज्यसरकारने स्थगिती उठवली ती २०२३ साली, आणि त्यानंतरही मावळातला विरोध संपला नाही. मेलेल्या माणसांची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही, म्हणून तिची गोष्ट इथे काढीत नाही. नुसता पैशाचा हिशेब करा. अभियानाचा पैसा मुदतीचा होता. मुदत सरली की तो जातो. काम मात्र बारा वर्षे अडून राहिले. जे म्हणतात, की "लोकांना विचारीत बसलो तर उशीर होईल," त्यांनी ही बारा वर्षे मोजून पाहावीत. मावळातल्या प्रत्येक गावात दहा-दहा सभा घेतल्या असत्या, तरी बारा वर्षे लागली नसती.

शेजारच्या खेड तालुक्यातही असेच घडले. भामा-आसखेड धरणातून पुण्याच्या पूर्व भागाला पाणी नेण्याची योजना त्याच अभियानातली. तेथेही धरणग्रस्तांनी काम वारंवार अडवले, मोबदल्याच्या बोलण्यांत वर्षे गेली, आणि अखेर २०२१ च्या जानेवारीत पाणी शहरात पोचले. बोलणी शेवटी करावी लागलीच. ती आधी केली असती, तर इतकी महाग पडली नसती.

इथे कोणी म्हणेल, की आता पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. २०१५ साली ते स्थापन झाले आणि मावळ तालुका त्यात आहे. शिवाय घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केलेली आहे. तिचे दोन-तृतीयांश सभासद नगरपालिकांच्या सभासदांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यांतून निवडून द्यावयाचे असतात. हे सारे खरे. पण ती निवड लोकसंख्येच्या प्रमाणात करावयाची आहे, हेही लक्षात घ्या. लोकसंख्येने मते मोजली, की शहराचा हात नेहमीच वर राहणार. पाण्याच्या वाटणीत डोकी जशी मोजायची, तसा उगमही मोजायला नको का?

पैशाच्या थैल्यांचीही अशीच गोष्ट आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ ह्या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतींना जे अनुदान ठरवले, त्यातले साठ टक्के पिण्याचे पाणी आणि स्वच्छता ह्यांसाठीच बांधून दिले. मोठ्या शहरांची थैली निराळी. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत खर्च करावयाचा. मग दोन हद्दींच्या मधले जे काम, त्याची थैली कोणती? आणि त्या कामासाठी दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बसवण्याचा खर्च कोणत्या सदराखाली टाकावयाचा? असे सदरच नाही. ज्याला सदर नाही, ते काम सरकारदरबारी होत नाही, हा तुमचा-माझा अनुभव आहे.

ह्यावर जगात कोणी उपाय काढला आहे का? काढला आहे. आपले खोपोलीचे वीजघर सुरू झाले त्याच सुमारास न्यूयॉर्क शहराने दूरच्या कॅट्सकिल डोंगरांत जमिनी ताब्यात घेऊन, गावे उठवून जलाशय बांधले. डोंगरातल्या लोकांच्या मनात ती अढी पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १९९० साली शहराने आपले पाणी स्वच्छ राहावे म्हणून त्या डोंगराळ गावांवर नवे निर्बंध घालण्याचा मसुदा काढला, तेव्हा गावांनी एकजूट करून कोर्टाची वाट धरली. शेवटी राज्यपालांनी मध्यस्थी केली, सगळ्यांना एका टेबलाशी बसवले, आणि १९९७ च्या जानेवारीत करार झाला. त्यात असे ठरले, की शहराने जमीन घ्यावयाची ती राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच; गावांचे सांडपाणी नीट करण्यासाठी शहराने पैसा द्यावयाचा; आणि तो पैसा ज्या संस्थेच्या हातून खर्च व्हावयाचा, तिच्या संचालक मंडळात बहुतेकजण डोंगरातलेच असावयाचे. शहराचा ह्यात तोटा झाला काय? पाणी मुळातच स्वच्छ राहिल्यामुळे गाळण-केंद्र बांधण्याचा कित्येक अब्ज डॉलरांचा खर्च टळला.

दुसरे उदाहरण युरोपचे. ज्या देशांनी एकमेकांवर तोफा डागल्या, त्यांच्या सरहद्दींवरच्या जिल्ह्यांनी मिळून कामे करावीत, म्हणून युरोपीय संघाने १९९० साली 'इंटररेग' नावाचा निधी सुरू केला. त्याचा आजचा नियम मोठा मार्मिक आहे. पैसा हवा असेल, तर सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या भागीदारांनी कामाची आखणी एकत्र केली पाहिजे आणि अंमलही एकत्र केला पाहिजे. शिवाय माणसे किंवा पैसा, निदान एक तरी दोघांनी मिळून लावले पाहिजे. एका बाजूने आराखडा करून दुसऱ्या बाजूची नुसती सही आणली, तर ते काम ह्या निधीत बसत नाही. लहान लहान कामांसाठी त्यात निराळा छोटा निधी ठेवण्याचीही सोय आहे, म्हणजे लहान गावाला मोठ्या कागदपत्रांच्या ओझ्याखाली दबावे लागू नये.

आणि इतके दूर तरी कशाला? आपल्याच धुळे-नाशिकाकडे पांझरा, मोसम ह्या नद्यांवर फडपद्धत पूर्वापार चालत आली. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे, पाणी कोणाला कधी द्यावयाचे, हे बागायतदार मिळून ठरवीत. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची मजुरीही सगळे मिळून देत, म्हणून तो सगळ्यांना जाब देण्यास बांधलेला असे. ठरवणे, राखणे आणि त्याचा खर्च सोसणे, ही तिन्ही कामे एकाच बैठकीतून होत.

ह्या साऱ्यांतून मावळासाठी काय घ्यावे? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट, वाटेकऱ्यांची यादी नकाशावरून करू नये, पाण्याच्या वाटेवरून करावी. धरणात जमीन गेलेले, नदीकाठी पंप असलेले, नळाच्या वाटेतले जमीनवाले, जमीन नसलेले मजूर, मासेमारी करणारे आणि शहरात नळाशी उभे राहणारे, ही सगळी यादी निधीच्या अर्जाबरोबरच जोडलेली असावी. यादी नसेल तर अर्ज परत जावा.

दुसरी गोष्ट, विचारपुशीचा खर्च अंदाजपत्रकातच घालावा. योजनेच्या दर शंभर रुपयांतला एखादा रुपया त्यासाठी बाजूला काढावा. त्यातून मराठीत नकाशे छापावेत, गावोगाव सभा घ्याव्यात, आणि मुख्य म्हणजे गावकऱ्यांना आपल्या विश्वासाचा एखादा जाणकार इंजिनियर लावता यावा. नळ टाकल्यावर पात्रात किती पाणी उरेल, ह्या प्रश्नाला एकट्या पालिकेच्या इंजिनियराने दिलेले उत्तर खरे असले, तरी नदीकाठचा माणूस ते मानणार नाही. ते त्याच्याच माणसाने तपासून दिले, तर मानील.

तिसरी गोष्ट, प्रत्येक म्हणण्याला लेखी उत्तर. लोकांनी काय सांगितले, त्यातले काय घेतले, काय घेतले नाही आणि का घेतले नाही, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. नकार मिळाला, तरी कारण समजले की माणूस निम्मा शांत होतो. तो संतापतो, ते आपले म्हणणे हवेत विरले असे वाटते तेव्हा.

चौथी गोष्ट, पाण्याबरोबर पैसाही उलट दिशेने वाहू द्यावा. शहराला जितके पाणी मिळेल, त्या हिशेबाने दरवर्षी काही रक्कम उगमाकडच्या गावांसाठी यावी: जुने पुनर्वसन मिटवण्यासाठी, गावांच्या पिण्याच्या पाण्यासाठी, सांडपाण्यासाठी. ती खर्च करणाऱ्या समितीत दोन्हीकडच्या जागा समसमान असाव्यात. एकदाच मिळालेला मोबदला लग्नकार्यात आणि मोटारसायकलीत संपतो. दरवर्षी येणारा वाटा मात्र पुढच्या पिढीलाही पोचतो.

ह्यावर तुम्ही शंका काढाल. सभा घेतल्या, की पुढारी येऊन त्या आपल्या ताब्यात घेतील. जमिनीचे भाव वाढवण्यासाठी काही लोक अडून बसतील. हे घडेल, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दार बंद ठेवले तर पुढारी रस्त्यावर जातो, आणि रस्त्यावर सामान्य माणूस त्याच्या मागे जातो. सभेत निदान कागद समोर असतो, आकडे समोर असतात, आणि चार बायका उठून विचारू शकतात, की आमच्या पाणवठ्याचे काय?

आता थोडे आपल्याकडेही पाहू या. पवनेच्या बाबतीत मावळ वरच्या अंगाला आहे आणि त्याची तक्रार खालच्या शहराविषयी आहे. पण इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते, मावळातून कामशेतवरून देहूला जाते, आणि पुढे आळंदीला. तिच्या पाण्यात लोणावळ्याची हॉटेले, बंगले आणि काठावरची वाढती गावे काय सोडतात, ह्याचे परिणाम खालच्यांना भोगावे लागतात. वारकरी त्या पाण्यात स्नान करतो. तिथे खालचा माणूस वाटेकरी आहे आणि विचारावयाचे ते आपण आहोत. लोणावळ्याच्या सांडपाण्याच्या योजनेची सभा भरली, तर तिचे बोलावणे देहू-आळंदीला जाते का? जो न्याय आपण पिंपरी-चिंचवडकडे मागतो, तो आपण देहूकराला देतो का? हा प्रश्न आपण स्वतःला विचारला, तर शहरापुढे मांडलेल्या आपल्या मागणीलाही वजन येईल.

शेवटी एक हातातले काम सांगतो. कायद्याप्रमाणे वर्षातून चार ग्रामसभा भरतात, आणि त्यांच्या आधी महिलांची सभा भरते. बहुतेक ठिकाणी गणसंख्येअभावी सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेत चारदोन माणसे ठराव करून मोकळी होतात. तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेला घरातल्या मोठ्या माणसांसह जा. आपल्या शिवारातून जाणारा नळ, रस्ता किंवा कालवा कोणत्या निधीतून होणार आहे, त्या निधीची मुदत कधी संपते, आणि त्याच्या अर्जात आपल्या गावाचे नाव वाटेकरी म्हणून आहे की नाही, हे तीन प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. शहरात राहत असाल, तर आपल्या नगरसेवकाला एकच विचारा: आमच्या नळाचे पाणी ज्यांच्या गावातून येते, त्यांच्याशी तुम्ही शेवटचे केव्हा बोललात?